अण्णांबद्दल तू विचारलंस ते

नगर, रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा आता कुठे असतील रे?" मला काही बोलता आलं नाही. चहा घ्यायला ये वगैरे म्हणून मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून लिहायला बसलो.

अण्णांच्या दफनविधीच्या वेळचा पाळकांचा उपदेश मीही ऐकला. चर्चच्या कमिटीतल्या भांडणानंतर अण्णांनी देवळाची पायरी चढणं सोडलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते उघड्या कबरेपुढे, तुझ्या आईच्या समोर बोलून दाखवायची काहीच गरज नव्हती. अशा माणसाच्या तारणाची, म्हणजे मुक्तीची, खात्री देता येत नाही, हे वाक्य ऐकताना तुझा हात माझ्या हातात होता. तो थरथरत होता, ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून येशूचे दाखले, त्यानं सांगितलेल्या बोधकथा, पुन्हा काढून वाचतोय. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केले होते, पण पाठ असलेलं माणूस वाचत नाही.

गव्हातल्या निदणाचा दाखला घे. रात्री वैरी येऊन शेतात निदण, म्हणजे तण, पेरून जातो. हे निदण ओंबी धरेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. चाकर म्हणतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, त्याच्याबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. खुरपणीला गेलेल्या कुठल्याही बाईला विचार, मुळं एकमेकांत गुंतली की काय होतं ते. पुढे शिष्यांना अर्थ सांगताना येशू म्हणतो की कापणी करणारे देवदूत आहेत. खुरपं ना पाळकांच्या हातात दिलंय, ना आपल्या. निवाडा होणार, आगही आहे, ते मी झाकून ठेवत नाही. पण त्या दिवसाआधी कुणाला निदण म्हणायचा अधिकार कबरेपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिलेला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात तीन दाखले ओळीनं येतात. पहिला, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा; पाच शहाण्यांनी जादा तेल घेतलं होतं, पाच मूर्ख होत्या. त्यावर आपल्याकडे नेहमी 'जागे राहा' असा उपदेश होतो. नीट वाच, वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली होती, शहाण्यासुद्धा झोपल्या होत्या. फरक फक्त तेलाचा होता. तेल आधीपासून जवळ असावं लागतं, ऐनवेळी शेजारणीकडून उसनं मिळत नाही. दार बंद झालं, हे वाक्य मला अजूनही भिववतं. दुसऱ्या दाखल्यातल्या, मालकानं सोपवलेले रुपये पुरून ठेवणाऱ्या चाकराबद्दल इथे फार लिहीत नाही. मालक कठोर आहे असं त्यानं मनाशी धरलं आणि त्या भीतीपायी हात आखडला, एवढंच.

मला सांगायचंय ते तिसऱ्याबद्दल, मेंढरं आणि शेरडं. शेवटच्या निवाड्याला राजा माणसांना वेगळं करतो, मेंढपाळ मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो तसं. पारनेरच्या बाजूला एकदा संध्याकाळी धनगरांच्या वाड्यावर थांबलो होतो. दिवेलागणीला सगळा कळप धुळीत मिसळलेला, आपली दख्खनी मेंढरं काळी आणि शेळ्याही काळ्या. मला काही कळेना. म्हातारा धनगर मात्र फारसं न बघताच हातानं बाजूला सारत होता. मी विचारलं तर म्हणाला, शेपटी बघा, वर असली तर शेळी, खाली असली तर मेंढी. दिवसभर एकत्र चरलेली जनावरं त्यानं पाच मिनिटांत वेगळी केली. दाखला सांगताना येशूच्या डोळ्यांपुढे अशीच एखादी संध्याकाळ असणार.

आणि राजा विचारतो काय? भुकेल्याला खायला दिलंत का, तान्हेल्याला पाणी पाजलंत का, परक्याला घरात घेतलंत का, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट. या सहा गोष्टींत देवळाची हजेरी नाही, मित्रा. मला सगळ्यात हलवतं ते पुढचं. उजवीकडचे चकित होतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाणी दिलं? त्यांना ठाऊकच नव्हतं! डावीकडचेही तेच विचारतात, आम्ही कधी नाही दिलं? राजा म्हणतो, या लहानांतल्या एकाला केलंत ते मलाच केलंत. दोघांनाही राजा ओळखू आला नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आणि लाजर नावाचा भिकारी आठव. त्यानं लाजराला मारलं नाही, हाकललंही नाही. लाजर फक्त त्याच्या दाराशी पडून होता आणि हा रोज मेजवानी झोडत होता. येशूनं भिकाऱ्याचं नाव सांगितलं, श्रीमंताचं नाही. आणि मेल्यावर अधोलोकात यातना भोगतानाही तो श्रीमंत, लाजराला जवळ घेतलेल्या अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाणी घेऊन पाठव. तिथेही त्याला लाजर हरकाम्याच वाटतो! दोघांच्या मधे मोठी दरी आहे, असं अब्राहाम सांगतो; ती दरी त्यानं स्वतःच्या दारापाशीच खणायला घेतली होती, असं मला वाटतं.

आता अण्णांचं. राहुरीच्या तुमच्या घरापुढे रस्त्याकडेला रांजण होता. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की अण्णा पहाटे उठून तो भरायचे, तांब्या साखळीला बांधलेला. आपण सातवीत असताना ऊसतोड्यांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या. अण्णांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून तिला दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आल्यावर अंघोळ करून कामावर गेले. पुढे कधी त्याचा विषय काढला नाही. मी आठवण करून दिली असती, तर म्हणाले असते, कधी रे?

अण्णा स्वर्गात आहेत असं मी लिहून देणार नाही. तो निवाडा माझ्या हातात नाही, हेच तर वरती लिहिलं. पण निवाडा करणाऱ्यानं काय विचारायचं ठरवलंय ते त्यानं आधीच सांगून ठेवलंय, आणि ते वाचताना दर वेळी मला तो रांजण दिसतो.

दिवाळीनंतर टोळ्या येतील. मागच्या खेपेला बघितलं, रांजणाच्या बुडाला शेवाळ धरलंय आणि साखळी गंजलीय. पुढच्या शनिवारी मी येतो, दोघं मिळून घासून घेऊ. साखळी मी नगरहून आणतो. तांब्या मात्र अण्णांचाच ठेव, आईला विचार कुठे ठेवलाय.

तुझा,
मित्र