शर्यत रद्द करणाऱ्यांनाही जबाबदार धरा : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मोटर रेसिंगमधील ड्रायव्हरांचे करार आणि ऐन वेळी रद्द होणाऱ्या शर्यती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात मुलांना कार्टिंग, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्या चालवायला, शिकवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. खेळाडू समिती, क्रीडा मंडळ, क्रीडा लवाद अशा तरतुदी त्यात आहेत, म्हणून मी तो मोठ्या आशेने वाचला. वाचताना मनात एकच प्रश्न होता : संघमालकाच्या, आयोजकाच्या किंवा सरकारच्या चुकीच्या निर्णयामुळे एखाद्या रेसिंग ड्रायव्हरची उमेदीची वर्षे वाया गेली, तर त्याने दाद कुठे मागायची? हा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय उतरले. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक. त्यांच्याबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, 'कायम शेवटीच असायचे.' हे ऐकले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या दोघांच्या हाती कोणत्या गाड्या दिल्या होत्या हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते.

चंडोक हा स्पा आणि हॉकेनहाइमसारख्या ट्रॅकवर जीपी२, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या मालिकेची, शर्यत जिंकून आलेला ड्रायव्हर. २०१० मध्ये त्याला हिस्पानिया या नव्या स्पॅनिश संघात जागा मिळाली. हंगाम तोंडावर आला असताना संघाची मालकी बदललेली, पैशांची ओढाताण चाललेली, आणि हंगामापूर्वीची एकही चाचणी झालेली नाही. बहारीनच्या पहिल्या शर्यतीत त्याची गाडी सरावासाठी बाहेरच पडू शकली नाही. त्या गाडीतली त्याची पहिलीवहिली फेरी थेट पात्रता फेरीत झाली. तालमीत एक दिवसही जोर न काढलेल्या मल्लाला खासबागच्या मैदानात जोडीला उभे करण्यासारखाच हा प्रकार. तरीही ऑस्ट्रेलियात तो चौदावा आला, मोनॅकोतही चौदावा. मेमध्ये संघाने गाडी बनवणाऱ्या दल्लारा कंपनीशी फारकत घेतली, त्यामुळे गाडीत सुधारणा होण्याची शक्यताच उरली नाही. दहा शर्यतींनंतर त्याच्या जागी साकोन यामामोतो या जपानी ड्रायव्हरला बसवण्यात आले. पुढच्या वर्षी लोटस संघाकडून जर्मनीत मिळालेली एक शर्यत सोडली, तर चंडोकचे फॉर्म्युला वन तिथेच संपले.

त्याच संघाने २०११ मध्ये कार्तिकेयनला घेतले. मेलबर्नला पोहोचेपर्यंत नवी गाडी ट्रॅकवर उतरलीच नव्हती. पात्रता फेरीत सर्वात वेगवान गाडीच्या वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत फेरी पूर्ण करावी लागते; संघाच्या दोन्ही गाड्या त्या मर्यादेत बसल्या नाहीत आणि शर्यतीला मुकल्या. २०१२ मध्ये त्याच मेलबर्नला पुन्हा नेमके हेच घडले. मधल्या काळात, २०११ मध्येच, ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीपासून त्याची जागा रेड बुल संघाच्या तरुण ड्रायव्हरला, डॅनियल रिकार्डोला, दिली गेली. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा त्याला परत बसवले आणि तो सतरावा आला. २०१२ अखेर संघच बंद पडला.

माणूस कमी पडला की व्यवस्था, याचे उत्तर हवे असेल तर नोव्हेंबर २०१९ मधली जपानची फुजी शर्यत पाहा. सुपर जीटी ही जपानी आणि डीटीएम ही जर्मन मालिका, या दोघींच्या संयुक्त शर्यतीत रविवारी कार्तिकेयन जिंकला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. पंचविशी-तिशीत त्याच्या वाट्याला अशा किती गाड्या आल्या?

'हे सगळे परदेशी संघ, आम्ही काय करणार,' असे आपले अधिकारी म्हणतील. म्हणून आता आपल्याच अंगणातले सांगतो.

मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला जिंकला आणि फॉर्म्युला टू (जीपी२ चे नवे नाव) शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मासेराती संघाने त्याला फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेसाठी घेतले. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी देशातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली होती आणि दुसरी १० फेब्रुवारी २०२४ ला ठरली होती. घरच्या रस्त्यांवर, घरच्या प्रेक्षकांसमोर धावणारा भारतीय ड्रायव्हर! पण डिसेंबरमध्ये तेलंगणात सरकार बदलले आणि जानेवारीच्या सुरुवातीला, शर्यतीला पाच आठवडे उरले असताना, ती रद्द झाली. आयोजकांनी राज्याच्या नगरविकास खात्याने करार मोडल्याचे सांगितले. पुढे आधीच्या सरकारने दिलेल्या पैशांवरून चौकशी आणि कोर्टकचेरी सुरू झाली. त्यात कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण या दोन सरकारांच्या भांडणात ज्या ड्रायव्हरचा काडीचाही संबंध नव्हता, त्याच्या हातून घरची एकमेव शर्यत गेली. भारतीय प्रायोजकाला जे दाखवायचे, ते दाखवण्याचा दिवसच उरला नाही. त्याला त्या मालिकेत तो एकच हंगाम मिळाला. रद्द झालेल्या शर्यतीमुळेच जागा गेली असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण उभे राहायला आधार हवा असतो त्याच वर्षी तो काढून घेतला गेला, हे तर कुणीही नाकारू शकत नाही.

बुद्ध सर्किटचेही तेच. २००९ मध्ये आपल्याच मंत्रालयाने फॉर्म्युला वन म्हणजे खेळ नव्हे, करमणूक आहे अशी भूमिका घेतली होती. मग करांचे वाद, मग आयोजक कंपनीच्या आर्थिक अडचणी. २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्या काळात कार्टिंगला आलेल्या पोरांची पिढी घरच्या ग्रां प्रीशिवायच मोठी झाली.

ट्रॅकबाहेर सहसा कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवण्याचा परवाना म्हणजे सुपर लायसन्स; त्यासाठी तीन हंगामांत ४० गुण जमवावे लागतात, आणि ते लहान-मोठ्या अधिकृत मालिकांमधून मिळतात. फॉर्म्युला फोर या सुरुवातीच्या पायरीवरच्या मालिकेच्या विजेत्याला त्यातले १२ मिळतात. म्हणजे एखाद्या मालिकेचे वेळापत्रक कोलमडले की मुलाच्या तीन वर्षांच्या मुदतीतले एक वर्ष हातचे जाते. क्रिकेटपटूचा एक रणजी सामना पावसाने धुतला तर पुढच्या आठवड्यात दुसरा असतो. इथे तसे नसते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेतावर कर्ज काढून एका स्पर्धेचे प्रवेश शुल्क भरले. फेरी पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली, मग ट्रॅक बदलला, आणि शेवटी ज्या तारखा आल्या त्या मुलाच्या बारावीच्या परीक्षेत. शुल्क परत मागितले तर 'नियमात नाही' एवढेच उत्तर. मुलगा हुशार होता, ब्रेकिंगची त्याची जाण मी फार थोड्यांत पाहिली आहे. आता तो ट्रॅकवर येत नाही.

रेसिंग हा श्रीमंतांचा खेळ, त्यांची काळजी सरकारने का करावी, असेही म्हटले जाते. खेळ महाग आहे, हे खरेच. नेमक्या त्याच कारणाने चुकीच्या निर्णयाचा फटका आधी मध्यमवर्गीय मुलाला बसतो. श्रीमंताचा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरून येतो, आमचा येत नाही.

दाद मागायला जागा असली की काय होते, त्याचे उदाहरण ऑस्कर पियास्त्री या ऑस्ट्रेलियन ड्रायव्हरचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अल्पीन संघाने त्याला परस्पर आपला ड्रायव्हर म्हणून जाहीर करून टाकले. त्याने जाहीरपणे नकार दिला. सगळे जग त्याला कृतघ्न म्हणत होते. पण फॉर्म्युला वनमध्ये करार तपासणारे मंडळ आहे. २ सप्टेंबरला त्या मंडळाने निकाल दिला की त्याचा मॅकलारेन या दुसऱ्या संघाशी झालेला करारच काय तो खरा. अल्पीनच्या व्यवस्थापनाने कागदपत्रांत जी ढिलाई केली, तिची किंमत एकवीस वर्षांच्या मुलाला मोजावी लागली नाही. जुलै २०२४ मध्ये हंगेरीत तो पहिली ग्रां प्री जिंकला. आपल्याकडच्या एखाद्या पियास्त्रीने कुणाचे दार ठोठवायचे?

महोदय, मला अनुदान नको आहे. देशातल्या मोटर रेसिंगचा कारभार ज्या एफएमएससीआय या महासंघाकडे आहे, त्याला आपल्या मंत्रालयाची मान्यता आहे, म्हणून आपण त्याला सांगू शकता : राष्ट्रीय मालिकेतला प्रत्येक ड्रायव्हर आणि संघ यांच्यातला करार महासंघाकडे नोंदवला जावा, आणि शर्यत रद्द झाली तर काय, याचे कलम त्यात सक्तीचे असावे. प्रवेश शुल्क आयोजकाच्या खिशात न जाता वेगळ्या खात्यात राहावे आणि फेरी पार पडल्यावरच सुटावे. ही कल्पना अशक्य नाही. २०११ च्या ग्रां प्रीच्या वेळी करमणूक कराचा वाद सुरू होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिकीट विक्रीचा २५ टक्के हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवायला लावला होता. सरकारच्या संभाव्य करासाठी जे करता आले, ते मुलांच्या पैशांसाठी का करता येऊ नये? राज्य सरकारे रस्त्यावरच्या शर्यती जाहीर करतात तेव्हा त्यांच्याकडून किती वर्षांची हमी आहे हे आधी लेखी घ्यावे, म्हणजे सत्ता बदलली तरी शर्यत टिकेल. नव्या क्रीडा लवादाकडे ड्रायव्हरला करार आणि रद्द झालेल्या शर्यतींचे वाद थेट नेता येतील का, हे नियम करताना स्पष्ट लिहावे. आणि महासंघाच्या खेळाडू समितीत सध्या गाडी चालवणारे ड्रायव्हर असावेत, कारण निवृत्त माणसाला यंदाच्या हंगामाचे हप्ते भरायचे नसतात.

पुढच्या हंगामाचे अर्ज भरायला लवकरच सुरुवात होईल आणि पालक मला विचारतील, 'सर, पैसे भरू का?' त्याआधी मंत्रालयाने महासंघाला निदान कराराच्या नोंदणीबद्दल आणि वेगळ्या खात्याबद्दल लेखी सूचना द्यावी, एवढी विनंती. त्या सूचनेची प्रत मी ट्रॅकच्या कार्यालयात, अर्जांच्या शेजारीच लावीन.

आपला विश्वासू,
एक कार्टिंग प्रशिक्षक, कोल्हापूर