ठेवीच्या पावतीबद्दल, आई-बाबांना

डोंबिवली
२ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

सांगायचंच असं ठरवून या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मोहराचं, गुडघ्यांचं नि मांजरीच्या पिल्लांचं बोलून ठेवला. म्हणून हे पत्र. बाबा, आईला शेजारी बसवून सावकाश वाचा.

बाबा, आपल्या बँकेच्या दादर शाखेतल्या तुमच्या-माझ्या नावाच्या सहा लाखांच्या ठेवीची मुदत २४ फेब्रुवारीला भरली. मी ती पुन्हा ठेवली नाही. पैसे तुमच्या पेन्शनच्या खात्यात जमा केलेत. पासबुक भरून आणाल तेव्हा दिसेलच, पण त्याआधी माझ्याकडून कळावं. पावतीवर 'दोघांपैकी कोणीही' असं असल्यामुळे माझी एकटीची सही चालली. चालली तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही "अगो, बँक आपली आहे" म्हणाला असता आणि मी गप्प बसले असते. न विचारण्यात माझी चूक झाली, तेवढी पोटात घाला. पैसे मात्र परत तिथे ठेवायचे नाहीत.

बँक आपली आहे हे मी कशी विसरेन? रोजची बचत गोळा करणारे पिग्मीवाले काका सायकल पडवीला टेकवायचे आणि मी दहाची नोट घेऊन धावत जायचे. कार्डावर सही माझ्यादेखत व्हायला हवी, असा माझा हट्ट असायचा. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच बँकेच्या कर्जातून गेली आणि विहिरीचं झालं तेव्हाही तेच धावून आले. तुम्ही एकही वार्षिक सभा चुकवली नाहीत. त्या माणसांवर माझा काडीचाही संशय नाही. कोणी काही बोललेलं नाही, कुठे वाईट ऐकलेलं नाही.

तरीही गेले दोन आठवडे मला झोप नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. १३ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खात्यातून एक रुपया काढता येईना. आता २७ तारखेपासून खातेदाराला २५ हजारांपर्यंत काढायची मुभा मिळाली आहे. ते पाहिलं आणि मला मुलुंडची मावशी आठवली. २०१९ साली तिची बँक अशीच अडकली तेव्हा ती माझ्याकडे आली होती. पावत्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, वर मुदतीची तारीख पेनाने लिहिलेली. जेवायला बसली तरी पिशवी मांडीवरच. काढायची मुभा तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये होती, आणि काकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पैसे होते, तिचेच होते, आणि ती माझ्याकडे उसने मागत होती. आई, तुला हे तेव्हा सांगितलं नाही, कारण मावशीने शपथ घातली होती.

बाबा, तुमची पुढची अँजिओग्राफी कधी करायला लागेल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्या रात्री कणकवलीहून गाडी करून कोल्हापूर गाठायचं तर पैसा हातात पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता हिशोब. बँकेतल्या ठेवींवरचा विमा पाच लाखांचाच असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तर एकच लाख होता. तुम्ही म्हणता, अर्धे दादरला अर्धे गावात, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच. तसं नाही हो. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एका माणसाला पाच लाख, आणि तेही मुद्दल नि व्याज धरून. जोडनावाची ठेव वेगळी धरतात हे खरं, पण आपली तीही पाचाच्या वर होती. २०२१ च्या कायद्याप्रमाणे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात. त्यावरचे कधी मिळतील, किती मिळतील, ते बँकेचं पुढे काय होतं त्यावर.

तुमच्या एकट्याच्या नावावर अकरा लाख आहेत. त्यातले चार तिथेच राहू देत. पाच नाही, चार, म्हणजे व्याज धरूनही मर्यादेत बसतील. बचत खाते राहील, शेअर राहतील, सभेला जाल, लाईटबिल तसंच भरलं जाईल. काउंटरपाशी तुमच्यासाठी खुर्ची सरकवतात ती कोणी काढून घेणार नाही.

बाकीचं पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. आईच्या नावाने हे सहा लाख, तुमच्या नावाने सात. आत्ता ८.२ टक्के आहे, आणि ज्या दराने उघडाल तो पाच वर्षं बदलत नाही. ७ फेब्रुवारीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने उतरला आहे, बँकांचे दरही खाली येतील, म्हणून ३१ मार्चच्या आत करायचं. दर तीन महिन्यांनी आईला १२,३०० आणि तुम्हाला १४,३५० रुपये येतील. आई, तुझे ते तुझेच. दर वेळी डब्यातले मोजून बाबांना विचारायचं नाही.

तुमच्या सातातले चार लाख २० मार्चला मोकळे होतात. उरलेल्या तीन लाखांची मुदत ऑगस्टपर्यंत आहे. ती पावती मोडली तर व्याज थोडं कमी मिळेल. मी आजच मोडली असती, पण तिथे तुमची सही लागते. ते तुम्ही ठरवा, मी मागे लागणार नाही.

काही गोष्टी मात्र ऐकायच्याच. पतसंस्थेतले ते गृहस्थ पुन्हा दीड टक्का जास्त घेऊन आले तर चहा पाजून पाठवा. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आवाज ओळखीचा वाटला तरी. आणि यातलं वाडीत कुणाकडे बोलू नका. एकाने ऐकलं की दहा जण रांग लावतील, आणि चांगली चाललेली बँक नुसत्या धास्तीने अडचणीत येईल. ते पाप आपल्याकडून नको.

होळीला मी येतेय, तुतारीने कणकवली. स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षा करून येईन. सोमवारी, १७ तारखेला, आपण तिघं पोस्टात जाऊ. आधार, पॅन, दोन-दोन फोटो काढून ठेवा. बाबा, हात थरथरतो म्हणून सही जुळणार नाही अशी धास्ती घेऊ नका. वेळ लागला तर लागू दे, मी शेजारी उभी असेन. पहिलीत माझा 'श्री' सुटा होईपर्यंत तुम्ही पाटीपाशी बसून होतात.

आई, रक्तदाबाची गोळी रात्रीच्या पेजेनंतर, आधी नाही. काल फोन ठेवताना "बाबांका सांगलंस काय?" असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. तू सगळं ओळखलं होतंस ना? आता सांगितलं आहे. ते रागावले तर मला फोन कर, आणि नाही रागावले तरी कर. आल्यावर मला घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबार हवंय. वाटप मी वाटेन, तू फक्त चुलीपाशी बस.

तुमची,
बायो