पॉट गेला तर जाऊ दे, पण दोरी मागे बांधू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत परदेशातल्या मराठी माणसांच्या हौशींवर लेख आला होता, त्यातला सिएटलजवळ कोळंबी पकडणाऱ्या कुटुंबाचा फोटो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेख छान आहे, तक्रार नाही. पण फोटोत दोघं जण बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाला चिकटून वाकलेत, दोरी मागच्याच खुंटीला गुंडाळलीय, बाजूला आजी साडीवर स्वेटर घालून बसल्यात आणि लाइफ जॅकेट कोणाच्याच अंगात नाही. आमच्या इथल्या ग्रुपवर तो फोटो तीन वेळा फिरला आणि खाली सगळ्यांचं एकच, आपण पण जाऊया.

मी मूळचा रत्नागिरीचा, मिऱ्याच्या बाजूला वाढलो, गेली चौदा वर्षं इकडे सिएटलजवळ आहे आणि नऊ वर्षं १६ फुटी अॅल्युमिनियमची बोट चालवतोय. कोळी नाही मी, हौशीच आहे, पण लहानपणी शेजारच्या काकांबरोबर पगोळ्या (आमिष लावलेली गोल जाळी) टाकून खेकडे पकडलेत, त्यामुळे वाटायचं की त्यात काय एवढं, पिंजरा टाकायचा नि ओढायचा. तर ते तसं नाहीये.

आपली पगोळी पडते कंबरभर नाहीतर फार तर दोन वाव पाण्यात. इथली स्पॉट श्रिम्प, म्हणजे शेपटीजवळ पांढरे ठिपके असलेली लालसर मोठी कोळंबी (जन्माला येते नर म्हणून आणि पुढे मादी होते, हे आईला सांगितलं तर तिने खायचीच थांबवली दोन दिवस), ती राहते २०० ते ३०० फुटांवर. ३०० फूट म्हणजे ५० वाव. खाली जाळीचा पॉट, म्हणजे पिंजरा, त्यात वजन घातलेलं नाहीतर प्रवाहात चालत सुटतो, आमिष म्हणून भोकं पाडलेला मांजराच्या खाण्याचा डबा, आणि वर पाण्यावर तरंगणारा पिवळा बोया, त्यावर नाव-पत्ता लिहिलेला. माणशी दोन पॉट, बोटीत माणसं कितीही असली तरी चारच. चार पॉट हाताने ओढायचे म्हणजे २०० वाव ओली दोरी, तिसऱ्या पॉटला हात कोणाचा राहतो सांगा.

आणि सगळं करायचं कधी? हूड कनाल या इथल्या खाडीत वर्षातले मोजके दिवस, तेही बऱ्याच वर्षी सकाळी ९ ते दुपारी १ एवढेच चार तास. लोकांना हा नियम म्हणजे सरकारी आडमुठेपणा वाटतो, मला नाही वाटत, कोळंबी टिकली ती त्यामुळेच. पण त्याचा एक परिणाम होतो तो कोणी बोलत नाही. त्या चार तासांत ओहोटी कडकडून लागलेली असली तरी लोक जातातच, कारण आज नाही तर परत कधी. गावाला काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे, चतुर्थी असेल तर तीन वाजता, आणि पाणी पलटतं तेव्हा थांबतं त्या वेळेला काम उरकायचे. इथे ते गणित चालत नाही, दिवसात दोन भरत्या दोन ओहोट्या असतात पण सारख्या नसतात, एक मोठी एक छोटी, आणि अरुंद ठिकाणी तर भरती पूर्ण झाली म्हणजे प्रवाह थांबला असंही नाही. त्यामुळे भरती-ओहोटीचा आणि प्रवाहाचा, दोन्ही तक्ते बघायला लागतात. किती जण बघतात? मी पण पहिली दोन वर्षं नव्हतो बघत.

आता मूळ मुद्दा. छोट्या बोटीचा मागचा भाग सगळ्यात बुटका असतो, इंजिन बसवायला कापलेला असतो, आणि तिथेच इंजिनाचं वजन, बॅटरी, पेट्रोलची टाकी. त्यात दोन माणसं मागे जाऊन वाकली की पाणी आणि काठ यात वीतभर अंतर उरतं. अशात दोरी खाली अडकली आणि ती मागच्या खुंटीला बांधलेली असली की झालं, बोट प्रवाहाकडे सपाट पाठ करून उभी राहते, दोरी तिला खाली खेचते, पाणी मागून चढतं, आणि एकदा आत आलं की ते पण मागेच साठतं. म्हणजे अजून खाली. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उंच आणि निमुळती कशासाठी केलीय मग? नांगर नाळेवरूनच बांधायचा, बोट आपोआप प्रवाहाला तोंड करून राहते. आमच्या काकांना कोणी मागे नांगर बांधायला सांगितलं असतं तर त्यांनी त्याला होडीतून उतरवलं असतं.

हे शहाणपण मला फुकट नाही आलं. चार वर्षांपूर्वी मेव्हणा आला होता, पॉट खाली खडकात अडकला, ओहोटी जोरात, तो म्हणाला दाजी मागे बांधा आणि इंजिनाने खेचू. आणि मी, नऊ ते एकच्या घाईत, बांधली. दहा सेकंदसुद्धा झाले नसतील, मागून पाणी आत, घोट्यापर्यंत. नशीब मासे कापायची सुरी हाताशी होती, दोरी कापली, बोट एकदम उसळली आणि आम्ही दोघं बादलीने पाणी उपसत बसलो. त्यानंतर मेव्हणा सगळ्यात आधी काय बोलला असेल तर, अहो दाजी, पॉट नि ४०० फूट दोरी गेली की! अजून ऐकवतो. पॉट गेला तर जाऊ दे ना, त्याच्या जाळीत सुती दोरा घालायचा नियम त्यासाठीच आहे, तो कुजतो, तोंड उघडतं आणि आतली कोळंबी सुटून जाते.

इथलं पाणी मे महिन्यात साधारण १० डिग्री असतं. कोकणातल्या पाण्यात पडलो तर आपण हसत वर येतो. इथे १-१०-१ असं शिकवतात, पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण तासाभराने शुद्ध जाते. पण तो शेवटचा एक तास कोणाला मिळतो तर ज्याने जॅकेट आधीच घातलंय त्याला. पाण्यात पडल्यावर सीटखालचं जॅकेट शोधून घालणं होत नाही. १९ फुटांखालच्या बोटीत १२ वर्षांपर्यंतच्या पोरांना घालायची इथे सक्ती आहे, मोठ्यांना फक्त बोटीत ठेवायची. आजींना सक्ती नाही. आणि मे महिना म्हणजे आपल्याकडे कोण येतं? आईवडील, सासूसासरे. सीझन आणि त्यांचं तिकीट एकाच महिन्यातलं.

मी आता कसं करतो ते सांगतो, कोणाला पटलं तर बघा. पॉट ओढायचं १२ व्होल्टचं मशिन घेतलं, बोटीच्या मध्याजवळ कडेला बसवलं, आणि त्याला वेगळी बॅटरी, कारण एका मित्राने इंजिनाच्याच बॅटरीवर चार पॉट ओढले आणि मग इंजिन सुरूच होईना. बोयाकडे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून जायचं, दोरी हातात आली की गिअर न्यूट्रल. दोरी बुडणारीच घ्यायची, तरंगणारी घेतली तर कोणाच्या ना कोणाच्या इंजिनाच्या पंख्यात जाते, दोरी पाण्यावर तरंगता कामा नये असा इथे नियमच आहे. ओढलेली दोरी टबमध्ये पडू द्यायची, पायाशी नाही, पॉट परत टाकताना वेटोळ्यात पाय असेल तर पॉटबरोबर आपण पण. हाताला दोरी गुंडाळून तर कधीच ओढू नये, त्या बाबतीत मी बायकोवरसुद्धा ओरडलोय.

नांगरासाठी मोठा बोया आणि रिंग मिळते, दोरी रिंगमधून ओवायची, बोट हळू पुढे न्यायची, बोया दोरीवरून घसरत जातो आणि नांगर आपोआप वर येतो, मग फक्त गोळा करायचा. फारच सोपं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. दोरी नाळेलाच बांधलेली पाहिजे, बाजूने मागे जाताना दिसत राहिली पाहिजे, आणि मध्येच वळून तिच्यावरून बोट नेली तर पंख्यात गुंडाळली जाते, म्हणजे परत तेच, बोट मागून बांधल्यासारखी. खडकाळ ठिकाणी मी साखळी नांगराच्या खालच्या टोकाला बांधतो आणि वरच्या टोकाला नुसता प्लॅस्टिकचा झिप टाय, अडकला की जोर लावल्यावर टाय तुटतो आणि नांगर उलट बाजूने सुटून येतो. नाहीच आला तर सुरी आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की जमलं तर एप्रिल संपायच्या आत हे छापा, आणि पुढच्या वेळी असा फोटो आला तर लाइफ जॅकेट घातलेला मागवा. लोक लेख वाचत नाहीत हो, फोटो बघतात.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(मूळ रत्नागिरी, सध्या सिएटलजवळ)

ता.क. लेखात कोळंबी घरी आणून डोक्यासकट फ्रिजमध्ये ठेवलीय असं लिहिलंय. डोकी जितक्या लवकर काढाल तितकं बरं, नाहीतर डोक्यातल्या रसाने मांस मऊ पडून त्याचा लगदा होतो आणि मग कालवणात शोधावी लागते.