गुन्हा जामीनपात्र, तरी ड्रायव्हर आत का?

संपादक महोदय,

मी निफाड तालुक्यातला ट्रकचालक. कांदा भरून इंदूरच्या पुढे जाण्यात तीस वर्षं गेली. २०१६ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात माझ्या गाडीला मोटारसायकल घासली आणि त्या पोराचा पाय मोडला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. ठाण्यात तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३३८ लागलं, जामीन झाला, गाडी सुटली. भरपाईचं विमा कंपनीनं पाहिलं. मला वाटलं, विषय मिटला.

पण कोर्टात दोषारोपपत्र गेलं होतं. समन्स आलं ते लायसन्सवरच्या पत्त्यावर, पिंपळगावच्या भाड्याच्या खोलीवर. ती मी कधीच सोडली होती. 'इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून कागद परत गेला. मग वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट. आणि २०२२ मध्ये पहाटे पाचला पोलीस दारात. मुलीच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते.

ठाण्यात सांगितलं, "तिकडची पोलीस पार्टी येऊन घेऊन जाईल, आमच्या हातात काही नाही." बायको रडत बसली. तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाई आल्या म्हणून मी वाचलो. त्यांनी जे समजावलं ते मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वॉरंट अजामीनपात्र असलं तरी गुन्हा जामीनपात्र, म्हणजे ज्यात जामीन मिळणं हा हक्कच असतो असा, असू शकतो. माझा तसा होता. परराज्यातल्या कोर्टाच्या वॉरंटवर इथे पकडलेल्या माणसाचा गुन्हा जामीनपात्र असेल आणि तो जामीन द्यायला तयार असेल, तर इथल्याच कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं किंवा पोलीस अधीक्षकानं तो घेऊन बंधपत्र, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी, तिकडच्या कोर्टाला पाठवायची असते. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८१ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८३ आहे. गुन्हा अजामीनपात्र असला, तरी इथले मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश जामिनाचा विचार करू शकतात.

दुपारी तहसील कचेरीत, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, चुलतभाऊ जामीन राहिला. लग्न उरकून तारखेला मी तिकडे हजर झालो, वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, गुन्हा कबूल केला, दंड भरला. कोर्टाला मी हवा होतो यात कोर्टाची काही चूक नाही. त्या पोराचा पाय मोडला होता. पण मला आधी कळलं असतं तर मी स्वतःहून गेलो असतो.

आमच्या लायनीतले कितीतरी जण अशी केस अंगावर घेऊन फिरतात. भीतीपोटी तो रस्ताच सोडतात. वॉरंट मात्र रद्द होईपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंतच राहतं, वर्षं गेली म्हणून मरत नाही. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे: कोर्टांच्या 'ई-कोर्ट्स' संकेतस्थळावर, जिथे केस झाली त्या जिल्ह्यात आपलं नाव फुकट शोधता येतं, मुलांकडून पाहून घ्या. आणि पोलिसांनी उचललंच, तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करा.

शासनाला विनंती एवढीच, की कलम ८३ मराठीत लिहून प्रत्येक ठाण्यात आणि आरटीओत लावावं. नव्या कायद्यात समन्स मोबाइलवर पाठवायची सोय आहे. अपघाताच्या वेळी ड्रायव्हरचा नंबर लिहून घेतातच, तर समन्स त्या नंबरवरही यावं.

एक ट्रकचालक, ता. निफाड, जि. नाशिक