जिंकून मिळतं काय?

पर्वरी, गोवा
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, चवथीला तुम्ही विचारलं होतंत, "रात्र रात्र जागून व्हिडिओ गेम खेळतेस, पण जिंकून मिळतं काय?" गणपतीवरच्या माटोळीची बांधाबांध चालली होती, आत्या समोरच बसलेली, म्हणून मी काहीतरी बोलून निसटले. उत्तर राहिलं ते राहिलंच. फोनवर सांगायला जावं तर आई मध्येच 'जेवलीस काय?' विचारते आणि तिथून गाडी नारळाच्या भावावर जाते. म्हणून हे पत्र.

आधी त्या कात्रणाचं. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याची बातमी तुम्ही फोटो काढून पाठवलीत आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. ऑगस्ट २०२५मधला तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे: रमी, पोकर, क्रिकेटच्या टीम लावणं वगैरे. डोक्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावले की बंद. माझे खेळ त्यात बसत नाहीत. मी पुस्तक घ्यावं तसा खेळ एकदाच विकत घेते आणि घरी बसून खेळते. पण आपल्या गोव्यात गेमिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडवीतली कॅसिनोची जहाजंच येतात, त्याला मी काय करू! ऑफिसातून परतताना पुलावरून तो झगमगाट रोज दिसतो. कायदा ऑनलाइनचा, त्यामुळे जहाजं जागच्या जागी. असो, या विषयावरचं तुमचं भाषण मला पाठ आहे.

पत्त्यांचा एक खेळ मात्र मी खेळते, बलाट्रो नावाचा. पोकरसारखे हात लावायचे आणि सोबत चित्रविचित्र जोकर जमवायचे. प्रत्येक जोकर हिशेबात आपला काहीतरी खोडसाळपणा करतो. कॅनडातल्या एकाच माणसाने तो बनवला, २०२४मध्ये आला. त्या माणसाने आपलं खरं नाव जाहीर केलेलं नाही, लोकलथंक या टोपणनावानेच वावरतो. पोकरसारखा दिसतो म्हणून युरोपात त्यावर '१८ वर्षांवरील' असा शिक्का बसला होता, तो २०२५मध्ये १२वर आणला. पैशाचा संबंध नाही हे खरं, पण 'आणखी एकच डाव' ही खाज चवथीच्या रात्री पत्ते कुटणाऱ्या आपल्या काकांचीच. जागरणाबद्दल रागवायचं असेल तर या खेळाबद्दल खुशाल रागवा.

आता दादाबद्दल. तो फोनवर चार वाक्यांच्या वर बोलत नाही ही तुमची तक्रार मी ऐकत आलेय. आम्ही दोघं रविवारी रात्री एकत्र खेळतो. तो डब्लिनला, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. खेळाचं नाव स्प्लिट फिक्शन. स्वीडनमधल्या हेझलाइट कंपनीचा, मार्च २०२५चा. हा एकट्याने खेळताच येत नाही. पडदा मधोमध दुभागलेला, एका बाजूला मी, एका बाजूला तो. मी पूल खाली केला तर तो पलीकडे जाणार, त्याने दार धरलं तर मी आत येणार. दोघांत एकाने विकत घेतला की पुरे, दुसऱ्याला फुकट. (अर्थात विकत मी घेतला.) दोन लेखिका एका यंत्रात अडकतात आणि आपण लिहिलेल्याच गोष्टींमधून वाट काढतात असं कथानक आहे. कथा यथातथाच, संवाद तर शाळेच्या गॅदरिंगमधले. पण दर दहा मिनिटांनी खेळ नवंच काहीतरी काढतो. एका ठिकाणी आमची दोघांची डुकरं झाली, हुंदडली, उडाली आणि शेवटी यंत्रातून सॉसेज, म्हणजे आपलं चोरिस, होऊन बाहेर पडली. दादा 'चोरिस! चोरिस!' म्हणून असा ओरडला की खालच्या मजल्यावरच्या माणसाने छत ठोठावलं.

सांगायचं ते हे की हातात कंट्रोलर असला की दादा बोलतो. नोकरी बदलायची की नाही, गुडघा कसा आहे, तिकडच्या घरभाड्याने कसं कंबरडं मोडलंय, सगळं. डोळ्याला डोळा लावून बोलावं लागत नाही, नजर पडद्यावर असते, म्हणून असेल. गुडघ्याचं त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही. मी सांगितलं असं म्हणू नका. काळजीसारखं काही नाही.

ज्या खेळासाठी मी खरी जागले त्याचं नाव लांबलचक आहे: क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल या छोट्या कंपनीचा, मूळ चमू तीसेक माणसांचा. एप्रिल २०२५मध्ये आला आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं धरून नऊ बक्षिसं घेऊन गेला. भल्याभल्या बड्या कंपन्या बघत राहिल्या.

समुद्राकाठी लुमिएर नावाचं शहर आहे. पाण्यापल्याड एक प्रचंड शिळा, तिच्यावर आकडा. वर्षातून एकदा एक चित्रकर्ती उठते, जुना आकडा पुसते आणि एकने कमी लिहिते. त्या वयाची सगळी माणसं तिथल्या तिथे पाकळ्या होऊन वाऱ्यावर जातात. असं वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे शहरात म्हातारं असं कुणी उरलेलंच नाही. खेळ सुरू होतो त्या दिवशी आकडा ३३वर येतो. ज्यांची वेळ आली ती माणसं गळ्यात फुलं घालून बंदरावर जमतात, बाकीचे निरोप द्यायला. रडारड फार नाही. लोक गप्पा मारतात, जुनी भांडणं मिटवतात. मग दरवर्षी एक तुकडी होडीत बसून त्या चित्रकर्तीला थांबवायला निघते आणि परत येत नाही. यंदाची तुकडी आपली.

मी चौतीस वर्षांची, तुमचा तर त्या शहरात प्रश्नच नाही. ती सुरुवात संपल्यावर मी खेळ थांबवून तुम्हाला फोन केला होता. 'एवढ्या रात्री काय झालं?' म्हणून आई घाबरली आणि मी म्हटलं, काही नाही, सहज. ते हे.

खेळ म्हणून त्यात खोड्या आहेत. लढाई आळीपाळीने चालते, तरी शत्रूचा वार नेमक्या क्षणी बटण दाबून अडवावा लागतो. तो क्षण सापडेपर्यंत नुसता मार. आतल्या जागांचा नकाशा देत नाहीत, त्यामुळे एकाच झाडाभोवती मी कितीतरी वेळ फिरत होते. आणि उत्तरार्धात कथा अशी काही उलटते की इतका वेळ आपण ज्यांच्यासाठी हळहळलो ते नक्की कोण, असा प्रश्न पडतो. काहींना ती फसवणूक वाटते. मला ते धाडस वाटलं. शेवट दोन आहेत, निवड आपली. दादाने एक निवडला, मी दुसरा, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देवळाच्या जत्रेत नाटक असायचं तेव्हा तुम्ही महिनाभर आधीपासून तालमीला जायचात. दिवसभर साखळी धरून लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि रात्री दीड-दोनपर्यंत पाठांतर. आई दार उघडायला उठायची आणि पुटपुटायची. शेवटी एक रात्र तोंडाला रंग लावून तुम्ही दुष्ट सरदार व्हायचात आणि पहाटे मारले जायचात. मिळायचं काय? मानाचा नारळ, आणि तोही मंडळातच फोडायचा. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कारण तिथे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मी तेच करते, फरक इतकाच की समोर प्रेक्षक नसतात आणि संवाद पाठ करावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या जागी थोडा वेळ उभं राहायला मिळतं, आणि तिथे उभं राहून निर्णयही आपल्यालाच घ्यावा लागतो.

सगळेच खेळ असे असतात असं मी म्हणणार नाही. हॉलो नाइट: सिल्कसाँगसाठी लोक २०१९पासून डोळे लावून बसले होते, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मूठभर माणसांनी बनवलेला तो खेळ गेल्या सप्टेंबरात आला. चित्रं अप्रतिम, किड्यामुंग्यांचं अख्खं राज्य हाताने काढलेलं, पण माझ्यासाठी तो निव्वळ छळ. ऑफिसातली पोरं त्याच्यावर जीव टाकतात, टाकू देत. आर्क रेडर्स हा गोळीबाराचा खेळ मी मैत्रिणींबरोबर खेळते. मेलं की गोळा केलेलं जवळजवळ सगळं जातं, म्हणून प्रत्येक अनोळखी माणूस शत्रू वाटायला हवा. प्रत्यक्षात लोक जवळ येऊन माइकवर 'मारू नका हो' म्हणतात आणि बऱ्याचदा मिळूनच पुढे जातात. हे मला फार आवडलं. बाकी त्यात सांगण्यासारखं नाही.

आपल्या पडवीत वायफायसाठी येऊन बसणारा काकांचा नातू खेळतो तो बीजीएमआय. शंभरेक जण विमानातून बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. २०२०मध्ये बंदी आलेल्या पबजीचाच हा भारतातला अवतार. 'मेलो रे, मेलो!' असं ऐकू आलं की आईने धावत जाऊ नये, तो खेळातच मेलेला असतो. मात्र आईच्या फोनचा यूपीआय पिन त्याला कळू देऊ नका. पोरगा गुणी आहे, पण दुकान खेळाच्या आतच मांडलंय: कपडे, बंदुकांचे रंग, नाचाच्या तऱ्हा. मोठ्यांचाही हात तिथे सैल सुटतो.

आता तुम्हा दोघांसाठी मी दोन खेळ काढून ठेवलेत.

आईसाठी वेन्बा. टोरोंटोतल्या मंडळींनी २०२३मध्ये केलेला, जेमतेम दीडेक तासाचा. १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेली एक बाई, तिचा नवरा आणि तिकडेच जन्मलेला मुलगा. तिच्याकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, डागाळलेली, नेमका महत्त्वाचा शब्द पुसट. तो ताडून इडली करायची, पुट्टू करायचा, बिर्याणी लावायची. चुकलं तर परत कर, कुणी मार्क कापत नाही. मुलगा मोठा होत जातो आणि आईच्या भाषेपासून, डब्यापासून लांब सरकत जातो. आई, तू पहिल्याच इडलीला नावं ठेवशील याची मला खात्री आहे आणि मला ती ऐकायची आहेत. तुझ्या वहीतल्या सान्नांपुढेही 'पाणी अंदाजाने' एवढंच लिहिलंय. तो अंदाज मला लिहून हवाय. लिहिता येत नसेल तर समोर उभी राहून दाखव, मी मोजून घेईन.

बाबांसाठी ब्लू प्रिन्स. ज्या छोट्या पुरस्काराने एक्स्पेडिशन ३३ला दिलेलं बक्षीस काढून घेतलं, त्यांनी ते याला दिलं. (एक्स्पेडिशन ३३ बनवताना एआयची चित्रं वापरली गेली होती आणि त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं. नंतर ती काढून टाकली होती, पण नियम तो नियम. तुम्हाला पटेल.) एका मुलाला आजोबांच्या भावाचा वाडा वारसाने मिळणार, अट एकच: पंचेचाळीस खोल्यांच्या त्या वाड्यात शेहेचाळिसावी खोली शोधून दाखवायची. प्रत्येक दारापाशी तीन खोल्यांचे आराखडे पुढे येतात, त्यातला एक निवडला की ती खोली तिथे उभी राहते. पावलं मोजकीच. दिवस संपला की वाडा कोरा, उद्या पुन्हा पहिल्यापासून. उरतं ते बहुतेक आपण वहीत टिपून ठेवलेलंच. भिंतीवरची चित्रं, पत्रं, तारखा, सगळ्यात काही ना काही दडलेलं. तुम्ही जन्मभर सर्व्हे प्लॅन आणि जमिनीचे एक-चौदाचे उतारे वाचलेत, हा वाडा तुमच्याचसाठी बांधलाय. शिवाय वारस एकच! आपल्या घराच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीत किती सह्या लागल्या ते आठवा आणि हेवा करा. इंग्रजी थोडं कोड्यात बोलणारं आहे, तिथे मी आहे. बटणं मी दाबीन, तुम्ही कुठलं दार ते सांगा. नाही जमलं तर सोडून देऊ.

शनिवारी दुपारपर्यंत मी घरी पोचेन, खेळायचं यंत्र बरोबर आणतेय. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची एक जागा मोकळी लागेल. केबलच्या डब्याची वायर तुम्ही काढू नका, मी आल्यावर बघते. टेबलावर एक कोरी वही आणि तुमची जाड शिसपेन्सिल ठेवा. आई, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून जाणार आहे. हळदीकुंकवाच्या वाणाचं आणि काय काय आणायचं त्याची यादी गुरुवारपर्यंत पाठव, मागच्या वेळेसारखी मी बसमध्ये चढल्यावर नको.

तुमची,
धाकटी