बसायचं कुठे?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर वाडा पाडून होणाऱ्या इमारतीतल्या आपल्या फ्लॅटचा विषय काढला की बाबा, तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि आई, तू लगेच नातीच्या जेवणाची चौकशी सुरू करतेस. म्हणून लिहितेय. बिल्डरच्या माणसाने दिलेला नकाशा आणि पसंतीचा कागद माझ्याकडेच आहे. महिनाअखेर सही करून द्यायचाय. त्यावर मी पेन्सिलीने ‘आठवा मजला, दोन बीएचके, पूर्वेकडचा’ असं लिहून ठेवलं होतं. ते काल रात्री खोडलं.

आई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू तीन महिने बाणेरला आमच्याकडे होतीस. लिफ्ट, चोवीस तास पाणी, खोलीला लागून संडास. मला वाटत होतं, आता आईला आराम मिळाला. दुसऱ्या आठवड्यात तू मला विचारलंस, “अगं, इथे बसायचं कुठे?” मी सोफा दाखवला. तू बसलीस. पुन्हा विचारलं नाहीस, आणि हळूहळू बोलणंही कमी केलंस. मी तर मनात थोडी रागावलेही होते, की एवढं करूनही हिला करमत नाही. त्याबद्दल आधी तुझी माफी मागते.

तुझा प्रश्न मला कळला गेल्या महिन्यात. संध्याकाळी मी न सांगता नारायण पेठेत आले होते, आठवतं? तू ओटीच्या कडेला मेथी निवडत बसली होतीस, पाय खालच्या पायरीवर. मी दिंडी दरवाजातच थांबले आणि जरा वेळ बघत राहिले. इस्त्रीवाला कपडे देऊन गेला, माडीवरच्या काकूंनी जाता जाता मूठभर काड्या निवडल्या आणि सुनेबद्दल अर्धं वाक्य बोलून वर गेल्या. कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर काठी टेकत आले, म्हणाले, “आज हवा पडलीय.” तू “हो ना” म्हणालीस. एवढंच. तुला कुणी भेटायला आलं नव्हतं, तू कुणाला बोलावलं नव्हतंस, आणि तरी तासाभरात सहा-सात माणसं तुझ्याशी बोलून गेली.

बाणेरला ‘भेटायचं’ म्हणजे ठरवावं लागतं. फोन, वेळ, चहा-पोहे, आवराआवर. वाड्यात त्यासाठी शब्द आहे तो ‘येता-जाता’. येता-जाता विचारलं, येता-जाता दिलं, येता-जाता कानावर आलं. पण त्याला येण्या-जाण्याच्या वाटेवर बसायला जागा लागते. ना घरात, ना रस्त्यावर, अशी. आमच्या फ्लॅटला दार आहे. ते बंद असतं किंवा उघडं असतं, मधलं काही नाही. वाड्यात ‘बाहेर’ किती तऱ्हेचं होतं! दिंडीबाहेर, चौकात, ओटीवर, पडवीत. लहानपणी तू विचारायचीस, “बाहेर म्हणजे कुठे?” आणि मी उत्तर दिलं की मला किती वाजता परत यायचंय ते त्यातच ठरायचं.

तुझी नात परवा मला विचारत होती, ओटी म्हणजे काय. तिला ओटी भरणं माहीत आहे, खणा-नारळाची. बसायची ओटी माहीत नाही. खण म्हणजे ब्लाउजपीस. पण दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि आपण तीन खणी जागेत राहिलो, हे सांगितल्यावर ती बोटांनी हवेत खांब मोजायला लागली. बिऱ्हाड हा शब्द तर तिला फार आवडला. राहायची जागा, त्यातली माणसं आणि त्यांचा सगळा पसारा, तिन्ही मिळून बिऱ्हाड. बीएचकेत मोजायला फक्त खोल्या आहेत. मी तिला फडताळ, कोनाडा, तळखडा सगळं सांगितलं. तळखडा म्हणजे खांबाच्या पायाशी असतो तो दगड, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. पण दाखवणार कुठे? आमच्याकडे वस्तू ठेवायला सगळीकडे एकच शब्द आहे, वॉर्डरोब.

माणसांची नावंही आपल्याकडे जागेवरून पडली. माडीवरच्या काकू, दिंडीतले काका, विहिरीकडचे आजोबा. सगळ्या गावाचीच ही रीत. पत्र्या मारुतीपाशी वळा, उंबऱ्या गणपतीच्या पुढे जा, तांबट आळीत विचारा. पत्ता सांगणाऱ्याला तिथली गोष्ट माहीत असायची. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आजोबा वारले ते मला चार दिवसांनी कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, ‘अकराशेतीनमध्ये दुःखद घटना’. आमच्या दारापासून त्यांचं दार नऊ फुटांवर आहे. मी त्यांना तीन वर्षांत दोनदा पाहिलं होतं आणि त्यांचं नाव मला मेसेजमधूनही कळलं नाही.

त्या रात्री मला मास्तरांचा ताप आठवला. मी दहावीत होते. सकाळी सात वाजून गेले तरी मास्तरांच्या दाराची कडी पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून आई, तू पोळीचं पीठ तसंच टाकून गेलीस. चौकातून हाक मारलीस, मग बाबांना उठवलंस. मास्तर तापात बेशुद्ध पडले होते. तू काही पाळतीवर नव्हतीस. चौकाभोवती बारा बिऱ्हाडं, सगळ्यांची दारं आत उघडणारी, त्यामुळे कानाला सकाळची लय माहीत होती आणि ती चुकली. भिंतीला कान असतात हे आपण वाईट अर्थाने म्हणतो. त्या दिवशी त्याच कानांनी एक माणूस वाचवला.

बाबा, तुम्ही म्हणाल, लेकीला आता वाड्याचे उमाळे येतायत, नळाची रांग विसरली. नाही विसरले. सामाईक संडास, पावसात छत्री घेऊन जाणं, गळणारी कौलं, टेकू दिलेली तुळई, सगळं आठवतं. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूंना जागा सोडवेना, असं करत आपल्यासारखे कितीतरी वाडे डोळ्यांदेखत खचले. आपला वाडा पडायलाच आलाय, तो पाडणं योग्यच आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट. ‘पायरी ओळखून असावं’ हा वाक्प्रचार कुठल्यातरी वाड्याच्या पायऱ्यांवरच घडला असणार. कुणी दिंडीपर्यंत यायचं, कुणी ओटीपर्यंत, कुणी माजघरात, हे जातीने ठरलेलं. पणजीला महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीत बसावं लागायचं, आणि उरलेले दिवसही ओटी पुरुषांचीच होती. आई, तू लग्न होऊन आलीस तेव्हा ओटीवर बसायला पाच वर्षं लागली, हे तूच सांगितलंयस. पण त्याच बांधणीच्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली. गंज पेठेत जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. घर तेच, चौक तोच, पाणी तेच. फक्त ‘या’ कुणाला म्हणायचं हे त्यांनी बदललं. तेव्हा मला जुना वाडा नकोय. मला त्यातली ती मधली जागा हवीय, सगळ्यांना ‘या, टेका’ म्हणणारी.

बाबा, १२ जुलै १९६१ तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलाय. पानशेत फुटलं, नदीचं पाणी पेठेत शिरलं, मातीच्या भिंती विरघळल्या, आणि तुम्ही दहा वर्षांचे, पर्वतीच्या पायऱ्यांवर. त्यानंतर पेठेतली किती बिऱ्हाडं गोखलेनगरला, लोकमान्यनगरला, सहकारनगरला गेली. तुमचे मित्र त्यांत होते. तुम्ही म्हणायचात, त्यांना पक्की घरं मिळाली, पण सुरुवातीला ते रोज संध्याकाळी सायकलने आपल्या ओटीवर येऊन बसायचे. मी ते लहानपणी मैत्रीची गोष्ट म्हणून ऐकलं. आता वाटतं, बसायला जागा नव्हती म्हणूनही येत असतील.

तर माझं म्हणणं असं. नव्या नकाशात तळमजला सगळा पार्किंगचा आहे. गाडीतून उतरा, लिफ्टमध्ये शिरा, वर बंद लॉबी, चार दारं. आठव्या मजल्यावर क्लब हाउस आहे, तिथे ठरवून जावं लागणार. माझ्या ओळखीच्या एका वास्तुरचनाकार मुलीला मी नकाशा दाखवला. ती म्हणाली, दोन गाड्यांची जागा सोडली तर प्रवेशाशी दोन खणांची ओटी सहज बसते, वर छप्पर, मागे भिंत, रस्त्याकडे तोंड. प्रत्येक मजल्यावरची लॉबीसुद्धा एका बाजूने उघडी ठेवून तिथे कट्टा करता येईल. पण नकाशा महापालिकेत मंजुरीला जायच्या आत सांगायला हवं. त्यातली एका गाडीची जागा आपल्या वाट्याची सोडू, बाबा. तुमची स्कूटर तशीही दोन वर्षं चालवली नाहीत. दुसऱ्यासाठी बाकीच्यांना विचारावं लागेल.

आणि फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरचा घ्या. लिफ्ट बंद पडली तरी आई उतरू शकेल, आणि खालून मारलेली हाक ऐकू येईल. आठव्यावरून पर्वती दिसते हे खरं. ती बघायला माझ्याकडे या.

एकट्याने सांगितलं तर बिल्डर ऐकणार नाही. बाराही बिऱ्हाडांनी एका कागदावर सह्या करून द्यायला हव्यात. त्यासाठी ग्रुपवर मेसेज टाकू नका, त्यावर सगळे अंगठे दाखवतात आणि पुढे काही होत नाही. आई, हे काम तुझं. चार संध्याकाळी ओटीवर बस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोल. माडीवरच्या काकूंना आधी सांग, बाकीच्यांना त्या सांगतील. मास्तरांच्या सुनेचा ‘बाहेरचे लोक येऊन बसतील’ असा आक्षेप येईल. तिला सांग, येऊ देत.

मी शनिवारी दुपारी येतेय, टेप घेऊन. आपल्या ओटीची उंची मोजायचीय. सोफ्यात तू खोल जायचीस आणि उठताना गुडघा धरायचीस, ओटीवरून मात्र हात न टेकता उठतेस. तेवढीच उंची नव्या नकाशात लिहून द्यायची. पायरीचीही मोजू, तुझा पाय जिथे टेकतो तिथली.

येताना मेथी आणते, तू विकत घेऊ नकोस.

तुमची लेक