मासोळ्यांच्या टाकीला पंप कोणता

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दुकानदार म्हणतो तो ताशी हजार लिटरचा पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) घेऊ नका. आपली टाकी तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर १०६ लिटर. वरचे दोन इंच आणि तळाची रेती सोडली की पाणी उरतं ८५ च्या आसपास. ते तासाला चार-पाच वेळा फिरलं की झालं, म्हणजे साडेतीनशे ते सव्वाचारशे लिटर. हजाराच्या धारेत गोल्डफिश दिवसभर झुंजतील आणि शेवटी कोपरा धरून बसतील.

पण खरा प्रश्न लाईनचा आहे. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे बंद डबा. मासोळ्यांची घाण पचवणारे जिवाणू त्याच्या आत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. लाईन गेली की काही तासांत आतलं पाणी सडतं आणि लाईन आल्यावर तेच टाकीत येतं. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असतो, म्हणून तो जास्त तग धरतो. तेव्हा दोन टोकांना दोन स्पंज फिल्टर आणि दोन तोंडांचा एक एअर पंप घ्या. पाचेक वॅटचं काम, इन्व्हर्टरला कळणारही नाही.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवा. तरीही प्रत्येक नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकाच, बाण टाकीकडे करून. बाण पुसला असेल तर फुंकून पाहा, हवा एकाच बाजूने जाते. हा दहा-वीस रुपयांचा तुकडा नसला आणि पंप खाली असला, तर लाईन जाताच पाणी नळीतून उलटं पंपात येतं. पंप जातो, फरशीवर तळं होतं. वायर बटणाच्या खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळ प्लगात शिरणार नाही.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. तो मुख्यतः बुडबुड्यांतून नाही, पाण्याचा वरचा थर हलल्याने मिसळतो. म्हणून फिल्टरचं तोंड पृष्ठभागाला लागूनच ठेवा. झाकण काढून जाळी टाका (पाल पडते, आई, हसू नको) आणि कुलरचा झोत वरून जाऊ द्या. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करू लागल्या की मग्याने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओता. लाईन नसताना खाणं टाकायचं नाही.

बोअरच्या पाण्यात क्षार फार. आटलेल्या पाण्यावर नुसतं नवं ओतत गेलात तर क्षार साचत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. आठवड्याला वीसेक लिटर काढून तेवढंच भरा. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज पिळा, नळाखाली नाही, आणि एका वेळी एकच. दुसरा पुढच्या आठवड्यात. दोन्ही एकदम धुतले तर जिवाणू जातात, अमोनिया वाढतो.

नवे फिल्टर मुरायला, म्हणजे त्यांत ते जिवाणू पुरेसे वाढायला, महिना-दीड महिना लागतो. तोवर दोनच गोल्डफिश ठेवा, बाबा. आणि पुढेही दोनाच्या वर जाऊ नका. ८५ लिटरला तेवढ्याच पुष्कळ झाल्या.

तुमचा मुलगा